मॅनेजर गेला, पाठोपाठ दादाही

प्रिय ताई,

तुमच्या सदरात सासू-सून, लग्न, नोकरी असले प्रश्न येतात. माझा वाचून हसाल. पण मला खरंच काही सुचत नाहीये, म्हणून लिहितोय.

मी मूळचा कोल्हापूरचा, वय २६, पुण्यात आयटीत आहे. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, तो तिकडं घरचं दुकान बघतो. आम्ही दोघंही मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचे चाहते. २००८ ची मॉस्कोची चॅम्पियन्स लीग फायनल त्यानं मला रात्री बाराला उठवून दाखवली. मी दहा वर्षांचा होतो. पेनल्टी मारताना समोरच्या चेल्सीचा टेरी घसरला, मग आपण जिंकलो, आणि दादानं मला खांद्यावर घेऊन घरभर नाचवलं. तेव्हापासून मी त्याच्या मागं. आमचा सतरा-अठरा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुपही त्यानंच काढलेला.

गेलं वर्षभर ग्रुपवर दोन पार्ट्या होत्या. टेन हाग हा आमच्या टीमचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच. मी 'टेन हाग हटाव'वाला. दादा म्हणायचा, वेळ द्या, आपल्या जुन्या मॅनेजर फर्ग्युसनलाही पहिला कप मिळायला चार वर्षं लागली होती. भांडायचो, पण मजेत. २७ ऑक्टोबर २०२४ ला वेस्ट हॅमकडून २-१ हरलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऐन वसुबारसेला, टेन हागला काढल्याची बातमी आली. मी बिल्डिंगखाली लवंगी माळ लावली, व्हिडिओ काढला आणि 'गेला एकदाचा! दिवाळी सुरू!' असं लिहून ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत दादा ग्रुप सोडून गेला. फोन उचलेना.

भाऊबीजेला घरी गेलो. रात्री दहाला चेल्सीची मॅच होती. एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसून पाहिली, एक शब्द नाही. आधी मी वहिनीला तो व्हिडिओ दाखवत होतो, तर आई आतूनच म्हणाली, "असले फटाके आपल्या दारात एकदा वाजलेत, तेवढे पुरे." बाबा काही न बोलता झोपायला गेले. बाबाही पूर्वी पेठेतल्या एका टीमचे कोच होते. मी बालवाडीत असताना त्यांनी ते सोडलं, त्यामुळं त्यांना मॅनेजर लोकांबद्दल सहानुभूती असणार.

माझं मत चुकलं का? मॅनेजर वाईट असेल तर तो गेल्याचा आनंद मानायचा नाही का? आता अमोरिम नवा मॅनेजर म्हणून आलाय, त्याच्या बाजूनं लगेच उभं राहू की आधी बघू? आणि दादाला परत कसं आणू?

— बारावा खेळाडू, पुणे

---

बाराव्या खेळाडूस,

हसले नाही. माझं माहेर कोल्हापूरचं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी या टीमची मॅच असली की आमच्याकडं संध्याकाळच्या आमटीला फोडणी मॅच सुटल्यावर पडायची, आणि निकाल मनासारखा लागला नाही तर ती आमटी दुसऱ्या दिवशी सकाळी गरम व्हायची. माझे एक काका हरल्यावर दोन दिवस दाढी करत नसत. तेव्हा फुटबॉलवरून घरात अबोला ही माझ्या लेखी सासू-सुनेइतकीच जुनी भानगड आहे.

तुझा पहिला प्रश्न सगळ्यात सोपा, तो आधी उरकते. मत चुकलेलं नाही. लीगच्या नऊ मॅचमध्ये ११ गुण, आठ गोल, चौदावा नंबर. घरच्या मैदानावर लिव्हरपूलकडून ०-३, महिन्याभरात टॉटनहॅमकडून पुन्हा ०-३. आदल्या मोसमात आठवा नंबर, इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून तोवरचा युनायटेडचा सगळ्यात खालचा. एवढं पाहून कुणी 'आता पुरे' म्हणालं तर त्याला कृतघ्न म्हणता येणार नाही. वेस्ट हॅमला मिळालेली ती शेवटची पेनल्टी फुकटची होती हे मीही मान्य करते (आपल्या डे लिख्टनं त्यांच्या इंग्सचं काय केलं ते मला अजून दिसलेलं नाही), पण ती दिली नसती तरी फार तर आठ-पंधरा दिवस पुढं गेलं असतं.

फक्त तुझ्या माळेच्या आवाजात काही मंडळी अलगद सुटली. मे महिन्यात ह्याच टेन हागनं एफए कपच्या फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं. तरी क्लबचे नवे कारभारी त्याला ठेवावं की नाही याचा खल आठवडेच्या आठवडे करत बसले, आणि जुलैत त्यालाच २०२६ पर्यंत करार वाढवून दिला. आयाक्स या डच क्लबात त्याच्या हाताखाली खेळलेले डे लिख्ट आणि मझरावी त्याला आणून दिले. आणि ऑक्टोबर सरायच्या आत हातात नारळ! मुलगी पसंत नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असताना साखरपुडा उरकायचा आणि हळदीच्या दिवशी मोडायचं, त्यातला प्रकार. त्याच जुलैच्या सुमाराला खर्च वाचवायचा म्हणून क्लबनं सुमारे २५० कर्मचाऱ्यांना कमी करायचं जाहीर केलं होतं. आता अमोरिमला मोसमाच्या मध्यातच सोडवून आणायला स्पोर्टिंग लिस्बनला एक कोटी दहा लाख युरो मोजले, म्हणजे आपले शंभर कोटींच्या घरात. ह्या हिशेबावर तुमच्या ग्रुपात कुणी चिडलं का? मला उगाच वाटतं, नसेल.

आता दादाचं म्हणणं. तो माझ्या जवळचा पक्ष आहे असं तुला वाटेल, पण फर्ग्युसनचा दाखला मला कधीच पटलेला नाही.

गोष्ट खरी आहे. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आला आणि पहिला कप मिळाला मे १९९० मध्ये. चार नव्हे, साडेतीन वर्षं, दादाला सांग. मधला काळ भयाण होता. १९८९ च्या सप्टेंबरात सिटीकडून ५-१ मार खाल्ला. डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे युनायटेडच्या घरच्या मैदानावर, क्रिस्टल पॅलेसशी हरत असताना एका प्रेक्षकानं चादरीवर लिहून आणलेला फलक उघडला. त्याचा मराठीत अर्थ साधारण असा, की तीन वर्षं सबबी ऐकतोय, खेळ अजून तसाच भिकार, चला फर्गी, राम राम. तो मोसम लीगमध्ये तेराव्या नंबरावर संपला, पण एफए कप हाती आला. पुढं १९९३ ला लीग आली, १९६७ नंतर पहिल्यांदा, आणि २०१३ ला म्हातारा निवृत्त झाला तेव्हा ३८ कप झाले होते.

म्हणून जगभरचा प्रत्येक नापास मॅनेजर आणि त्याची पाठराखण करणारा प्रत्येक चाहता गेली तीस वर्षं हीच गोष्ट सांगतो. पण अढीत घातल्यावर आंबा पिकतो, बटाटा घातला तर सडतो. वेळ देऊन ज्यांचं काहीच झालं नाही त्यांचे फलक आणि त्यांच्या तारखा कुणी लक्षात ठेवत नाही. लांब कशाला, टेन हागच्या आधीच्या मॅनेजर सोलशारलाच घे. डिसेंबर २०१८ ते नोव्हेंबर २०२१, जवळजवळ तीन वर्षं दिली. सगळ्यांचा लाडका, आपल्या घरचा माणूस. एकही कप नाही. शेवट वॉटफर्डकडून ४-१. दादाचा मुद्दा पुरता खोटा म्हणत नाही मी, पण तो मुद्दा म्हणजे सगळ्यांना लॉटरीचं एकाच विजेत्याचं तिकीट दाखवण्यासारखा आहे.

तुझा मुद्दाही तितकाच लंगडा आहे बरं का. तुझ्या 'हटाव' मध्ये एक गृहीत आहे, की हा गेला की बरं होईल. सोलशारचीच सुरुवात आठव. तात्पुरता म्हणून आला आणि पहिल्या १९ पैकी १४ मॅच जिंकला. पॅरिसमध्ये जाऊन पीएसजीला बाहेर काढलं. सगळीकडं नुसता गजर. मार्चअखेर त्याला कायम केलं, आणि मे महिन्यात मोसमाच्या शेवटच्या दिवशी, आधीच खालच्या लीगमध्ये घसरलेल्या कार्डिफनं ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन २-० हरवलं. आमच्याकडं पोराला ताप आला की आजी तिसऱ्या दिवशी अंगारा लावायची. चौथ्या दिवशी ताप उतरायचा आणि श्रेय अंगाऱ्याला. ताप तसाही चौथ्या दिवशी उतरणारच होता. बास टेर वेल नावाच्या एका डच अर्थतज्ज्ञानं तिकडच्या लीगचे १९८६ ते २००४ पर्यंतचे मोसम घेऊन नेमकं हेच तपासलं होतं. लागोपाठ हरल्यावर ज्यांनी मॅनेजर बदलला त्यांचा खेळ सुधारला, हे बरोबर. पण तितकेच हरूनही ज्यांनी बदलला नाही त्यांचाही जवळपास तेवढाच सुधारला. तेव्हा आत्ता टेन हागचा सहायक निस्टलरॉयनं हंगामी म्हणून चार मॅच सांभाळल्या, तीन जिंकल्या, एक बरोबरीत सुटली, त्यातली पहिली तर आपल्या नरक चतुर्दशीच्या पहाटे लेस्टरला पाच गोल घालून, त्यावरून 'बघा, माझे फटाके बरोबरच होते' असं दादाला ऐकवायला जाऊ नकोस. निस्टलरॉय जुलैपासून टेन हागच्या शेजारच्याच खुर्चीवर बसत होता. खेळाडू तेच, सरावाचं मैदान तेच.

इथवर तुमचं दोघांचं भांडण होतं, आणि ते वर्षभर मजेत चाललं होतं असं तू स्वतःच लिहिलंयस. मग दादा वर्षभर ग्रुपात राहिला आणि त्याच संध्याकाळी का गेला? तुझ्या मतावर चिडायचं असतं तर कधीच चिडला असता. तो व्हिडिओ पाहून गेला.

तू हिशेब मांडला नाहीस, मी मांडला. तू बालवाडीत असताना बाबांनी कोचिंग सोडलं, म्हणजे तू चार-पाच वर्षांचा. दादा आठ वर्षांनी मोठा. तो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता, सहावी-सातवीतला. आणि आई म्हणते, असले फटाके आपल्या दारात एकदा वाजलेत.

मला काय घडलं ते माहीत नाही, आणि माझा अंदाज साफ चुकूही शकतो. पण आमच्या गल्लीत काय घडलं ते सांगते. मी अकरा वर्षांची होते. आमच्यापासून तीन घरं सोडून एक कोच राहायचे. दिवसा कारखान्यात नोकरी, सकाळी सहाला पोरांचा सराव, पैसा एक नाही, उलट पोरांची अंडी-केळी स्वतःच्या पगारातून. एका मोसमात टीम पाठोपाठ हरली आणि मंडळाच्या बैठकीत त्यांना बाजूला केलं. हे चालायचंच, त्यांनाही कळत असणार. पण रात्री काही पोरं त्यांच्या दारासमोर येऊन हजाराची माळ लावून गेली. आम्ही सगळी लहान मुलं खिडकीत उभी राहून टाळ्या वाजवत होतो. मीसुद्धा. सकाळी शाळेत जाताना पाहिलं, तर त्यांची बायको फटाक्यांचे लाल कागद झाडून सुपात भरत होती आणि त्यांचा मुलगा दप्तर घेऊन उंबऱ्यावर उभा होता. रस्त्यावर माणसं होती म्हणून त्याला बाहेर पाय टाकवत नव्हता. तो माझ्याच वर्गात होता. त्या दिवशी तो आलाच नाही. आज पन्नाशी उलटलेल्या त्या मुलाला तू टेन हागच्या जाण्याचा व्हिडिओ पाठवलास, तर तोही ग्रुप सोडेल, आणि युनायटेडचं त्याला काही पडलेलं नसेल.

तू म्हणशील, टेन हागला माझी माळ कुठं ऐकू जाणार होती. नाही जाणार. त्याला त्याच्या करारातले पैसे मिळतील, त्याची काळजी तू करू नकोस, मीही करत नाही. पण ग्रुपात सतरा-अठरा जण आहेत आणि त्यातला एक तुझ्या बापाचा थोरला मुलगा आहे.

मॅनेजर गेल्याचा आनंद मानायचा नाही का, हा तुझा दुसरा प्रश्न. मान की. हायसं वाटणं साहजिक आहे. दर आठवड्याला झोप मोडून मॅच बघायची आणि दर आठवड्याला तेच, हे संपलं म्हणून मोकळं वाटतं. त्यात माणसाला लाजवणं मिसळायची गरज नाही, आणि हा भेद तिकडं रोज मैदानावर जाणाऱ्यांना बरोबर कळतो. २०१४ च्या मार्चमधली गोष्ट तुला आठवत असेल. फर्ग्युसननंतर आलेल्या मोयेसचा काळ. आदल्या वर्षी लीग जिंकलेली टीम सातव्या नंबराच्या आसपास घुटमळत होती. बिचाऱ्याची अवस्था अशी, की सासूबाई स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यात, पण रोज दारात खुर्ची टाकून बसल्यात. फर्ग्युसन बहुतेक मॅचना वर प्रेक्षागारात, आणि कॅमेरा दर पाच मिनिटांनी त्याच्या तोंडावर. मैदानाच्या स्ट्रेटफर्ड एन्ड या बाजूच्या स्टँडला मोयेसचं चित्र असलेला मोठा फलक टांगलेला होता, त्यावर अर्थ असा की हाच तो निवडलेला. काही चाहत्यांनी वर्गणी काढून विमान भाड्यानं घेतलं आणि ॲस्टन व्हिलाच्या मॅचला मैदानावरून एक पट्टी फिरवली. शब्दाचा खेळ करून, निवडलेला नव्हे, चुकलेला, मोयेस चालता हो. खाली बसलेल्या लोकांनी काय केलं? विमानालाच हुर्यो केली, आणि मोयेसला टाळ्या दिल्या. त्यांना मोयेसचा खेळ आवडत होता असं अजिबात नाही. युनायटेड ती मॅच ४-१ जिंकलं, आणि २२ एप्रिलला मोयेसला काढलंच, सहा वर्षांच्या करारातले दहा महिने भरायच्या आत. ज्या स्टेडियममध्ये कधीकाळी 'फर्गी, राम राम' फडकला होता तिथलीच ही माणसं. मला त्या दुपारी फार कौतुक वाटलं होतं त्यांचं.

मोयेसच्या आधी वर्षभर, मे २०१३ मध्ये, त्याच मैदानावर फर्ग्युसननं निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं, की माझ्या वाईट काळात क्लब, सगळे कर्मचारी आणि खेळाडू माझ्या पाठीशी उभे राहिले, आता तुमचं काम नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर आजवर पाच कायम मॅनेजर गेले. व्हॅन गालनं तर एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्याला घरी पाठवलं. मोरिन्होनं दोन मोठे कप आणले, तोही डिसेंबरात गेला.

तर अमोरिम हा सहावा. त्याच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात फार सल्ला देण्यासारखं नाही. माणूस ३९ वर्षांचा. स्पोर्टिंगला २०२१ मध्ये लीग जिंकून दिली, त्यांना १९ वर्षांनी मिळाली, मग २०२४ मध्ये पुन्हा. ५ नोव्हेंबरला, निघायच्या आधी, सिटीला ४-१ चोपलं ते तू पाहिलंच असशील. तो मागं तीन बचावपटू ठेवून खेळवतो, आणि युनायटेडचे खेळाडू घेतलेत ते मागं चौघं ठेवून खेळायला. म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा त्याला मोसमाच्या मध्यात उसवून शिवायचा आहे. त्यानं मोसम संपल्यावर येतो म्हणून सांगितलं होतं, क्लबनं ऐकलं नाही, हे त्यानंच पत्रकारांना सांगितलंय. तू एखाद्या मॅचनंतर 'हा बदली खेळाडू का घातला' म्हणून खुशाल शिव्या घाल, त्याशिवाय मॅच बघण्यात मजा नाही. पण 'हटाव' हा शब्द पुढच्या ऑगस्टपर्यंत तोंडातून काढू नकोस. एक उन्हाळा, त्याची स्वतःची खरेदी, सरावाचा सलग महिना एवढं मिळाल्यावर मग बघ. आणि लगेच देवही करू नकोस. सोलशारच्या १९ मॅच आठव.

एक जाता जाता. त्याची नेमणूक जाहीर झाली ती आपल्या लक्ष्मीपूजनाला. तुमच्या ग्रुपात त्यावर काय काय विनोद झाले असतील ते मला दिसतंय. पण तिकडं लिस्बनमध्ये स्पोर्टिंगनं लीगमधल्या अकराच्या अकरा मॅच जिंकलेल्या, टीम पहिल्या नंबरावर, आणि नोव्हेंबरात मॅनेजर उठून गेला. तुझ्याएवढाच कुणी पोरगा तिथंही भावाशी भांडत असेल, गेला तो बरोबर गेला की चूक म्हणून.

आता दादा. 

ग्रुपवर त्याला परत घेऊ नकोस. ग्रुपात ओढून आणलेल्या माणसाला सतरा जणांसमोर एकतर हसावं लागतं नाहीतर पुन्हा निघावं लागतं. व्हिडिओ मात्र आजच काढून टाक. इतक्या दिवसांनी तो सगळ्यांच्या फोनवरून जाणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून सोबत एक ओळ लिही, की मत माझं तेच आहे, फटाके लावायला नको होते. कारण लिहू नकोस. बाबांचं नाव तर मुळीच नको.

फोनवर माफी मागू नकोस, तो उचलतही नाहीये. समोर जा. आणि माफी मागशील ती फक्त माळेची माग. मताची मागितलीस तर त्याला खोटं वाटेल, आणि पुढं कधी तुमचं पूर्वीसारखं भांडण होणार नाही. भांडण टिकायला हवं, तेवढंच तर तुमच्यात रोज बोलण्यासारखं आहे. पुण्याचा धाकटा आणि दुकानातला थोरला आठवड्यातून पाच वेळा दुसऱ्या कशावर बोलणार?

बाबांचं काय झालं होतं, हे विचारायचं की नाही? विचार, पण दादाला, आणि मॅच सुरू असताना. मॅच सुरू असली की पुरुषांना एकमेकांच्या तोंडाकडं न बघता बोलता येतं, हे मी माझ्या घरात तीस वर्षं बघतेय. त्यानं सांगितलं नाही तर पुन्हा विचारू नकोस. सांगितलं तर मध्ये बोलू नकोस, आणि मुख्य म्हणजे लगेच उठून बाबांना मिठी मारायला जाऊ नकोस. ज्या गोष्टीवर त्यांनी बावीस वर्षं पांघरूण घातलंय ती त्यांची आहे. तुला बाबांसाठी काही करायचंच असेल तर त्यांना अमोरिमचे ते तीन बचावपटू कसे खेळतात ते विचार. तू त्यांना 'पूर्वी कोच होते' एवढ्या एका वाक्यात गुंडाळलंयस, पण तुझ्या घरात एक माणूस असा आहे ज्यानं टीम उभी केली आणि हरलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मैदानावर आणलं. मॉस्कोच्या फायनलला दादानं तुला उठवलं, तेव्हा बाबा जागे होते का, हेही कधीतरी दादाला विचार. मला आपली उत्सुकता आहे.

अमोरिमची पहिली मॅच २४ नोव्हेंबरला, रविवारी, इप्सविचला, आपल्याकडं रात्री दहाला. दुपारी बाराच्या आत पुणं सोड, कराडला चहा घे, संध्याकाळी घरी पोचशील. मॅच मध्यरात्रीपर्यंत चालेल, तेव्हा सोमवारची रजा आत्ताच टाकून ठेव. वहिनीला आधी फोन करून सांग, दादाला नको. जाताना पेढे नेऊ नकोस, ते जिंकल्यासारखं दिसेल. चिवडा ने, दोन पाकिटं. एक सोफ्याच्या मधोमध ठेव, आणि दुसरं बाबांच्या खुर्चीपाशी.

— ताई